पर्ल बक

पर्ल सिडनस्ट्रिकर बक (जन्म : २६ जून, १८९२; मृत्यू : ६ मार्च, १९७३) या अमेरिकन कादंबरीकार, चरित्रकार व समाजकार्यकर्त्या होत्या. चीनमधील शेतकऱ्यांच्या जीवनावरील 'द गुड अर्थ' (१९३१) या कादंबरीमुळे त्यांना जगभर कीर्ती मिळाली. इ.स. १९३८ मध्ये त्यांना साहित्याचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. हा सन्मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या अमेरिकन महिला होत. इ.स. १९४९ मध्ये त्यांनी स्थापन केलेली 'वेलकम हाउस' ही वंश व देश यांच्या सीमा ओलांडून मुले दत्तक देणारी पहिली संस्था मानली जाते. परदेशातील मूल दत्तक घेण्याच्या मार्गातील वर्ण, धर्म आणि कायदा यांचे अडथळे दूर व्हावेत यासाठी त्यांनी दीर्घकाळ प्रयत्न केले. आयुष्याच्या उत्तरार्धात मात्र हा मार्ग थोड्याच मुलांना उपयोगी पडतो हे ओळखून मुलांना त्यांच्या जन्मभूमीतच आधार देणाऱ्या कार्याकडे त्या वळल्या.

जन्म आणि बालपण

पर्ल यांचा जन्म अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील हिल्सबोरो या गावी झाला. त्यांचे वडील ॲब्सलम आणि आई कॅरोलाइन सिडनस्ट्रिकर हे प्रेस्बिटेरियन पंथाचे मिशनरी असून चीनमध्ये धर्मप्रचाराचे काम करीत. पर्ल यांच्या जन्माच्या वेळी ते रजेवर मायदेशी आले होते. मूल काही महिन्यांचे होताच हे कुटुंब चीनला परतले व पुढे यांगत्से नदीकाठच्या झेंजियांग या शहरात स्थायिक झाले. सिडनस्ट्रिकर दांपत्याला एकूण सात अपत्ये झाली; त्यांपैकी चार बालपणीच दगावली. एडगर, पर्ल आणि ग्रेस ही तीन भावंडे तेवढी जगली.

पर्ल यांचे बालपण चिनी मुलांच्या सोबतीत गेले. सांभाळ करणाऱ्या चिनी दाईकडून त्यांनी लोककथा ऐकल्या. आईने त्यांना इंग्रजी, तर घरी येणाऱ्या चिनी शिक्षकांनी चिनी लिहायला-वाचायला शिकवले. दुष्काळ, रोगराई आणि गरिबी त्यांनी जवळून पाहिली. घराजवळच्या टेकडीवर टाकून दिलेल्या तान्ह्या मुलींचे अवशेष लहानगी पर्ल मातीआड करीत असे, ही आठवण त्यांच्या चरित्रात नोंदली गेली आहे. नको असलेल्या मुलांविषयी त्यांना पुढे वाटलेल्या तळमळीचा उगम अभ्यासक या अनुभवांत शोधतात.

इ.स. १९०० मध्ये परकीयांविरुद्ध बॉक्सर उठाव झाला, तेव्हा या कुटुंबाला शांघाय येथे आश्रय घ्यावा लागला. ज्या देशाला आपण घर मानतो त्या देशात आपण परके आहोत, याची जाणीव पर्ल यांना त्या वेळी प्रथम झाली. पुढे शिक्षणासाठी अमेरिकेत गेल्यावर तेथेही त्या परक्याच ठरल्या.

शिक्षण व विवाह

इ.स. १९१० ते १९१४ या काळात पर्ल यांनी व्हर्जिनियातील लिंचबर्ग येथील रँडॉल्फ-मेकन महिला महाविद्यालयात शिक्षण घेतले. पदवीनंतर आजारी आईच्या शुश्रूषेसाठी त्या चीनला परतल्या. इ.स. १९१७ मध्ये जॉन लॉसिंग बक या कृषी-अर्थशास्त्रज्ञाशी त्यांचा विवाह झाला. आरंभीची वर्षे या दांपत्याने आन्हुई प्रांताच्या ग्रामीण भागात काढली. तेथील शेतकऱ्यांच्या जीवनाचे निरीक्षण पुढे 'द गुड अर्थ'ला उपयोगी पडले. इ.स. १९२० पासून ते नानजिंग येथे राहू लागले. तेथील विद्यापीठात पर्ल यांनी इंग्रजीचे अध्यापन केले.

कॅरोलचा जन्म आणि पहिले दत्तकविधान

४ मार्च, १९२० रोजी पर्ल यांना कॅरोल ही मुलगी झाली. प्रसूतीच्या वेळी गर्भाशयात गाठ आढळल्याने त्यांच्यावर शस्त्रक्रिया करण्यात आली आणि पुन्हा मूल होण्याची शक्यता संपली. कॅरोलची बौद्धिक वाढ होत नसल्याचे काही वर्षांत स्पष्ट झाले. तिला फेनिलकीटोन्युरिया हा आनुवंशिक चयापचय-विकार होता. या विकाराचे पहिले वैद्यकीय वर्णन इ.स. १९३४ मध्ये झाले. त्यामुळे मुलीच्या आजाराचे कारण आईला दीर्घकाळ कळू शकले नाही. इ.स. १९२९ मध्ये पर्ल यांनी कॅरोलला न्यू जर्सीतील व्हाइनलँड येथील निवासी संस्थेत ठेवले. या संस्थेचा खर्च भागवण्याची निकड हे त्यांच्या त्या काळातील लेखनामागचे एक प्रमुख कारण होते.

त्यापूर्वी, इ.स. १९२५ मध्ये, अमेरिकेतील वास्तव्यात पर्ल यांनी तेथील अनाथालयातील एक तान्ही मुलगी दत्तक घेतली. ही मुलगी अशक्त होती आणि तिचे वजन वाढत नव्हते. नव्या घरात मात्र तिची प्रकृती सुधारली. मुलाचे भवितव्य रक्तापेक्षा घरावर अधिक अवलंबून असते, हा पर्ल यांचा पुढील आयुष्यातील आग्रह या अनुभवाशी जोडता येतो.

इ.स. १९२७ च्या मार्च महिन्यात नानजिंगमध्ये परकीयांवर हल्ले झाले. त्या वेळी एका गरीब चिनी स्त्रीने आपल्या झोपडीत लपवल्यामुळे बक कुटुंबाचे प्राण वाचले. त्यानंतर काही काळ त्यांनी जपानमध्ये काढला.

साहित्य

'ईस्ट विंड : वेस्ट विंड' (१९३०) ही पर्ल बक यांची पहिली कादंबरी. पुढील वर्षी 'द गुड अर्थ' प्रसिद्ध झाली. वांग लुंग हा शेतकरी आणि त्याची पत्नी ओ-लान यांच्या कष्टांची व जमिनीवरील निष्ठेची ही कथा अमेरिकेत सलग दोन वर्षे सर्वाधिक खपाच्या पुस्तकांत गणली गेली. तिला इ.स. १९३२ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. इ.स. १९३७ मध्ये तिच्यावर चित्रपट निघाला. परंतु त्यातील प्रमुख चिनी व्यक्तिरेखा गोऱ्या कलावंतांनी साकारल्या. आईवडिलांच्या जीवनावरील 'द एक्झाइल' आणि 'फायटिंग एंजल' ही चरित्रे इ.स. १९३६ मध्ये आली. नोबेल पारितोषिक देताना निवड समितीने चिनी शेतकरी जीवनाचे चित्रण आणि ही चरित्रे या दोहोंची दखल घेतली.

इ.स. १९३२ मध्ये न्यू यॉर्क येथील भाषणात पर्ल यांनी परदेशांतील मिशनरी कार्यातील अहंकारावर टीका केली. त्यावरून वाद झाला व पुढील वर्षी त्यांनी मिशनचे काम सोडले. इ.स. १९३५ मध्ये त्यांनी जॉन लॉसिंग बक यांच्यापासून घटस्फोट घेऊन प्रकाशक रिचर्ड वॉल्श यांच्याशी विवाह केला. या दांपत्याने पेनसिल्व्हेनियातील पर्कसी गावाजवळच्या 'ग्रीन हिल्स फार्म' या जुन्या शेतघरात संसार थाटला. इ.स. १९३६ मध्ये त्यांनी दोन तान्हे मुलगे आणि पुढील वर्षी एक मुलगा व एक मुलगी अशी चार मुले दत्तक घेतली.

वेलकम हाउस

त्या काळी अमेरिकेतील दत्तकसंस्था जुळवणीचे तत्त्व पाळत. मूल आणि दत्तक पालक यांचा वर्ण, धर्म आणि शक्यतो चेहरामोहराही मिळताजुळता असावा, म्हणजे मूल दत्तक असल्याचे पाहणाऱ्याच्या लक्षात येणार नाही, अशी ही पद्धत होती. मिश्रवंशीय मूल कोणत्याच रकान्यात बसत नसे. म्हणून ते दत्तक देण्यास अयोग्य ठरवून अनाथालयातच ठेवले जाई.

इ.स. १९४८ च्या अखेरीस पर्ल बक यांच्याकडे अशाच एका मुलाविषयी विचारणा आली. सुमारे पंधरा महिन्यांच्या या मुलाचा पिता भारतीय, तर आई गोरी अमेरिकन होती. मूल निरोगी होते. परंतु त्याच्या सावळ्या वर्णामुळे कोणतीही संस्था त्याला घर शोधून देण्यास तयार नव्हती. पर्ल यांनीही अनेक संस्थांकडे चौकशी केली आणि सर्वत्र नकार मिळाल्यावर त्याला आपल्याच घरी आणले. पाठोपाठ चिनी व अमेरिकन वंशाचे आणखी एक तान्हे मूल आले. त्या वेळी पर्ल यांचे वय ५६ वर्षांचे होते. या मुलांना तरुण आईवडिलांची गरज आहे असे त्यांना वाटे. शेजारच्या एका दांपत्याने मुलांचा सांभाळ करण्याची तयारी दाखवली आणि इ.स. १९४९ मध्ये वेलकम हाउसची स्थापना झाली. गीतकार ऑस्कर हॅमरस्टाइन व त्यांच्या पत्नी डोरोथी, तसेच लेखक जेम्स मिचनर या परिसरातील मान्यवरांनी संस्थेला साहाय्य केले.

मुलांना मोठी होईपर्यंत एकाच घरात कुटुंबासारखे वाढवावे, अशी आरंभीची कल्पना होती. अशा मुलांना घर देणारे पालक मिळणारच नाहीत, हे संस्थांचे मत त्यामागे गृहीत होते. प्रत्यक्षात पालकांकडून मागणी येऊ लागली आणि हे गृहीतक खोटे ठरले. त्यामुळे वेलकम हाउसचे दत्तकसंस्थेत रूपांतर झाले. पालकांच्या घराची व स्वभावाची चौकशी संस्था करीत असे. मात्र वर्ण व धर्म जुळण्याची अट तिने मानली नाही. आरंभी अमेरिकेत जन्मलेली आशियाई व मिश्रवंशीय मुले संस्थेकडे येत. कोरियन युद्धानंतर परदेशांतील मुलेही येऊ लागली. पुढील अर्धशतकात या संस्थेमार्फत पाच हजारांहून अधिक मुलांना घरे मिळाली.

स्वतः पर्ल यांनीही इ.स. १९५० च्या दशकात परदेशांत जन्मलेल्या दोन मुली दत्तक घेतल्या. त्यांपैकी एकीची आई जर्मन व दुसरीची जपानी होती. दोघींचेही वडील कृष्णवर्णीय अमेरिकन सैनिक होते. गोऱ्या पालकांनी कृष्णवर्णीय मुले दत्तक घ्यावीत की नाही, या प्रश्नावर त्यांनी इ.स. १९५८ मध्ये 'एबनी' या मासिकात लेख लिहून अनुकूल मत मांडले. अमेरिकेच्या अनेक राज्यांत तेव्हा आंतरवंशीय विवाहही बेकायदेशीर होते.

कायदा आणि प्रक्रिया

परदेशातील मूल दत्तक घेऊ इच्छिणाऱ्या अमेरिकन कुटुंबापुढे त्या काळी दोन स्वतंत्र प्रश्न असत. मुलाला देशात प्रवेश मिळवून देणे हा पहिला, आणि त्याचे दत्तकविधान कायदेशीर करून घेणे हा दुसरा. इ.स. १९२४ च्या कायद्यानुसार बहुतेक देशांतून येणाऱ्यांची संख्या ठरलेली होती आणि आशियाई लोकांना प्रवेश जवळजवळ बंद होता. चिनी लोकांवरील बंदी इ.स. १९४३ मध्ये उठली. त्या चळवळीत पर्ल बक व रिचर्ड वॉल्श दोघेही अग्रभागी होते. इ.स. १९५३ च्या निर्वासित साहाय्य कायद्याने दहा वर्षांखालील अनाथ मुलांसाठी चार हजार व्हिसा राखून ठेवले. कोरियातील मुलांना अमेरिकेत येण्याची वाट त्यामुळे खुली झाली.

इ.स. १९५५ मध्ये ओरेगन राज्यातील हॅरी व बर्था होल्ट या शेतकरी दांपत्याने अमेरिकी संसदेकडून खास कायदा संमत करून घेऊन आठ कोरियन मुले दत्तक घेतली. त्यानंतर त्यांनी इतर कुटुंबांसाठीही असे कार्य सुरू केले. मुखत्यारामार्फत परदेशातच दत्तकविधान पूर्ण करून घ्यायचे आणि मगच मूल अमेरिकेत आणायचे, ही त्यांची पद्धत होती. तीत वेळ कमी लागे; परंतु पालकांनी मुलाला पाहिलेले नसे आणि पालकांच्या घराची पुरेशी चौकशीही होत नसे. बालकल्याण क्षेत्रातील संघटनांनी या पद्धतीला विरोध केला. इ.स. १९६१ च्या कायद्याने तिला आळा घातला व परदेशांतील अनाथ मुलांच्या प्रवेशाची कायमस्वरूपी तरतूद केली.

पर्ल बक यांचा रोख प्रामुख्याने देशातील दत्तकसंस्थांवर होता. इ.स. १९५५ मध्ये 'वुमन्स होम कम्पॅनियन' या मासिकातील लेखात त्यांनी या संस्थांवर कठोर टीका केली. एकीकडे मुले अनाथालयांत वाढत आहेत आणि दुसरीकडे इच्छुक पालक वर्षानुवर्षे ताटकळत आहेत. या दोहोंमध्ये संस्थांचे नियम उभे आहेत, असे त्यांचे प्रतिपादन होते. पालकाचा पंथ कोणता यापेक्षा त्याच्याजवळ माया आहे की नाही हे पाहावे, असे त्या सांगत. समाजकार्याचे शास्त्रीय शिक्षण घेतलेल्या कार्यकर्त्यांना ही टीका अन्यायकारक वाटली. चौकशीला लागणारा वेळ मुलाच्या सुरक्षिततेसाठीच असतो, असे त्यांचे म्हणणे होते. गती आणि दक्षता यांतील हा ताण आंतरदेशीय दत्तकविधानात आजही कायम आहे.

'द हिडन फ्लॉवर' (१९५२) या कादंबरीत पर्ल यांनी जपानी तरुणी व अमेरिकन सैनिक यांचा विवाह आणि त्यांच्या मुलाच्या वाट्याला आलेले दत्तकविधान हा विषय हाताळला. 'चिल्ड्रेन फॉर अडॉप्शन' (१९६४) या पुस्तकात त्यांनी दत्तकविषयक विचार एकत्रित मांडले.

जन्मभूमीतील मुलांसाठी प्रतिष्ठान

अमेरिकन सैनिक व आशियाई स्त्रिया यांच्या मुलांसाठी 'अमेरेशियन' हा शब्द पर्ल बक यांनी रूढ केला. कोरियात कुटुंबाची नोंद पित्याच्या नावाने होत असल्याने पितृछत्र नसलेल्या या मुलांना शाळा, नोकरी व विवाह या प्रत्येक टप्प्यावर अडचणी येत. अशा मुलांपैकी फार थोडी दत्तक जात. मोठी झालेली, आजारी किंवा आईने सोडण्यास नकार दिलेली मुले मागेच राहत.

या मुलांसाठी पर्ल यांनी इ.स. १९६४ मध्ये पर्ल एस. बक प्रतिष्ठान स्थापन केले. मुलाला परदेशी न पाठवता आईजवळच ठेवून त्याच्या शिक्षणाचा व औषधोपचारांचा खर्च उचलायचा, ही प्रतिष्ठानची पद्धत होती. कोरियातील सोसा (आताचे बुचॉन शहर) येथे इ.स. १९६७ मध्ये अशा मुलांसाठी प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. पुढे आशियातील इतर देशांतही हे काम पसरले. पर्ल यांनी आपल्या संपत्तीचा मोठा भाग प्रतिष्ठानला दिला. 'द न्यू इयर' (१९६८) ही त्यांची कादंबरी कोरियात जन्मलेल्या अशाच एका मुलाची कथा सांगते.

भारताशी संबंध

पर्ल बक यांनी भारताच्या स्वातंत्र्याला जाहीर पाठिंबा दिला होता. वॉल्श यांच्या जॉन डे कंपनीने जवाहरलाल नेहरू यांचे आत्मचरित्र, 'ग्लिम्प्सेस ऑफ वर्ल्ड हिस्टरी' आणि 'द डिस्कव्हरी ऑफ इंडिया' या ग्रंथांच्या अमेरिकन आवृत्त्या प्रसिद्ध केल्या. 'कम, माय बिलव्हेड' (१९५३) या कादंबरीत भारतात काम करणाऱ्या अमेरिकन मिशनरी घराण्याच्या पिढ्यांची कथा आहे. भारतीयांची सेवा करण्यात आयुष्य वेचणारा मिशनरी आपल्या मुलीचा भारतीय डॉक्टराशी विवाह होऊ देत नाही, हा तिच्यातील निर्णायक प्रसंग होय. आर. के. नारायण यांच्या कादंबरीवर आधारित 'द गाइड' (१९६५) या देव आनंद यांच्या चित्रपटाच्या इंग्रजी आवृत्तीची पटकथा पर्ल यांनी दिग्दर्शक टॅड डॅनिएलेव्स्की यांच्यासह लिहिली.

अखेरची वर्षे व मृत्यू

इ.स. १९६९ मध्ये प्रतिष्ठानच्या प्रमुख अधिकाऱ्यावर आर्थिक व अन्य गैरवर्तनाचे आरोप झाले आणि त्याला पद सोडावे लागले. पर्ल यांनी त्याची पाठराखण केल्यामुळे त्यांच्या प्रतिष्ठेला धक्का बसला. त्यानंतर त्या व्हरमाँट राज्यातील डॅन्बी येथे राहू लागल्या. इ.स. १९७२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांच्या चीनभेटीनंतर चीनला जाण्याची त्यांची इच्छा बळावली. परंतु चिनी सरकारने त्यांना व्हिसा नाकारला. ६ मार्च, १९७३ रोजी डॅन्बी येथे फुप्फुसाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. त्यांचे दफन ग्रीन हिल्स फार्म येथे करण्यात आले. त्यांच्या समाधीवर इंग्रजी नाव नसून केवळ चिनी लिपीतील नाव कोरलेले आहे. कॅरोल यांचे निधन इ.स. १९९२ मध्ये झाले.

वारसा व मूल्यमापन

पर्ल बक यांच्या निधनानंतर इ.स. १९८२ व १९८७ मध्ये अमेरिकेने अमेरेशियन मुलांना प्रवेश देणारे कायदे केले. इ.स. १९९१ मध्ये वेलकम हाउस व प्रतिष्ठान यांचे एकत्रीकरण झाले. ग्रीन हिल्स फार्म येथील त्यांचे घर आता स्मारक म्हणून जतन करण्यात आले आहे.

मूल दत्तक देण्यासाठी वर्ण जुळणे आवश्यक नाही, हे आज सामान्य वाटणारे तत्त्व प्रस्थापित करण्यात पर्ल बक यांचा मोठा वाटा आहे. त्यांच्या भूमिकेवर आक्षेपही घेतले जातात. मिश्रवंशीय मुले अधिक बुद्धिमान व सुंदर असतात, असे त्या प्रचाराच्या ओघात सांगत. मुलांची बाजू घेण्यासाठी मांडलेला हा विचारही शेवटी वंशाच्याच कल्पनेवर आधारलेला होता. घर मिळाले की प्रश्न सुटला, हा त्या पिढीचा विश्वासही पुढे अपुरा ठरला. मोठी झालेली अनेक दत्तक मुले आपली भाषा, जन्मनोंदी व जन्मदाती आई यांचा शोध घेऊ लागली. दक्षिण कोरियाच्या सत्यशोधन आयोगाने इ.स. २०२५ मध्ये परदेशी दत्तकविधानांच्या चौकशीत अनेक मुलांच्या कागदपत्रांत फेरफार झाल्याचे नमूद केले.

आंतरदेशीय दत्तकविधानाची आजची चौकट इ.स. १९९३ च्या हेग कराराने घालून दिली आहे. मुलाला आधी त्याच्या जन्मदात्या कुटुंबात, ते शक्य नसल्यास त्याच्याच देशात, आणि तेही न जमल्यास परदेशात घर शोधावे, असा या करारातील क्रम आहे. भारतात सर्वोच्च न्यायालयाने इ.स. १९८४ मध्ये लक्ष्मीकांत पांडे खटल्यात परदेशी पालकांसाठी असेच निकष घालून दिले होते. भारताने हेग करार इ.स. २००३ मध्ये मान्य केला. देशातील अशा दत्तकविधानांचे नियमन केंद्रीय दत्तकग्रहण संसाधन प्राधिकरण म्हणजेच 'कारा' ही संस्था करते. पर्ल बक यांचे कार्य मात्र याच्या उलट क्रमाने उभे राहिले. मुलांना दत्तक घर मिळवून देण्यापासून सुरुवात करून त्या अखेरीस मुलाला आईजवळच ठेवण्याच्या प्रयत्नापर्यंत पोहोचल्या.